सहा उड्या आणि चालत परत

४ सप्टेंबर

दारावरची जळमटं काढताना आज ती पेन्सिलची खूण दिसली आणि झाडू हातात तसाच राहिला.

अडतीस वर्षं झाली असतील. लग्नाला चार महिने, या दोन खोल्यांत राहायला येऊन जेमतेम दोन. हे उंबऱ्यावर बसून बुटांत नाड्या ओवत होते, मी शेजारी संत्रं सोलत होते. एकाएकी म्हणाले, "तू म्हणे शाळेत उडायचीस."

"उडायला मी काय चिमणी आहे? उंच उडी मारायची."

"मग दाखव की."

मी संत्र्याची फोड त्यांच्या हातावर ठेवली, चपला काढल्या आणि उभ्या जागेवरून उडी मारून दाराच्या वरच्या भिंतीला बोटं टेकवली. हे स्टुलावर चढले, कानामागची पेन्सिल काढली आणि बोटं टेकली तिथं बारीकशी आडवी रेघ ओढली. "पुढच्या महिन्यात बघू कुठवर जातेस," म्हणाले. पुढच्या महिन्यात मला उलट्या सुरू झाल्या, मग लेक झाली, आणि उडीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. पण भिंतींना रंग द्यायची वेळ आली की हे रंगाऱ्याला सांगून तेवढी बोटभर जागा सोडायला लावत. का, ते मी कधी विचारलं नाही.

आता विचारून उपयोग नाही. एप्रिलमध्ये झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सगळ्या शब्दांतून एकच उरला: "अजून." पाणी हवं, अजून. नको, अजून. लेकीचा फोन आला, अजून. डॉक्टर म्हणाले, असं होतं. एखादाच शब्द जिभेवर अडकून बसतो, मनात दुसरं काही असलं तरी तोंडातून तोच येतो. समजतं मात्र सगळं.

दुपारी फुटबॉल क्लबचे सेक्रेटरी येऊन गेले. खुर्चीच्या कडेवर बसले होते, उठायच्या तयारीत.

"वहिनी, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. संघ खालून दुसरा आहे. डिसेंबरात तिसऱ्या गटात घसरलो तर कमिटी नवा कोच आणणार. आणि या खोल्या कोचच्या असतात."

"माहीत आहे मला."

"तोवर सर सरच आहेत. मुलं म्हणतात, सर खिडकीत दिसले तरी पुरे."

लेक कधीची म्हणतेय, आमच्याकडे या. तिची ती मागची खोली मी पाहिली आहे. खिडकी उघडली की दीड हातावर शेजारच्या इमारतीची भिंत. ह्यांच्या दिवसात आता या खिडकीतल्या मैदानाशिवाय काही नाही. तेही अर्धंच दिसतं, पलीकडचं अर्धं प्रेक्षकांच्या स्टँडच्या पत्र्याआड जातं.

५ सप्टेंबर

मुलं सकाळी साडेसहाला येतात, आपापल्या कामावर जाण्याआधी. मुलं म्हणायचं आपलं. कप्तान औषधांच्या दुकानात काउंटरवर असतो, त्याला दोन पोरं आहेत. गोलकीपर वायरमन आहे. सहा फूट उंच, पण जमिनीतून निघतच नाही म्हणून सगळे त्याला खांब म्हणतात. डाव्या बाजूनं पळणारा टपालवाला, दिवसभर सायकल मारूनही ज्याचे पाय शिल्लक राहतात असा तोच एक.

कप्तानानं खिडकीखालून विचारलं, "सर, आज काय?"

हे म्हणाले, "अजून."

झालं. कालच्या वीस फेऱ्यांच्या आज बावीस झाल्या. मग खांद्यावर वाळूची पोती घेऊन स्टँडच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर बेडूकउड्या, कुणीतरी खाली बसेपर्यंत. अडतीस वर्षं ह्यांची हीच पद्धत. "अजून" हा शब्द तेव्हाही होताच, फक्त त्याच्या शेजारी बाकीचे शब्द होते.

त्यानंतर कॉर्नरचा सराव. खांबच्या टाचा भुईवरून वीतभर उठेनात. मला शाळेत खेळ शिकवणाऱ्या आमच्या सिस्टर आठवल्या. पांढरा झगा, गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट. सहाच्या वर उड्या मारू देत नसत. सातव्या उडीला कुणी उभी राहिली की म्हणत, "दमलेला पाय हळू पळायलाच शिकतो, बाळ. परत जा. आणि चालत जा." पळून गेलेलं अंतर चालत परत यायचं, श्वास जागेवर येऊ द्यायचा, मगच पुढचं. आम्हाला वाटायचं सिस्टर लाड करतात. पण त्या चालण्यामुळेच पुढची उडी उंच जायची.

हे मी ह्यांना लग्नानंतर एकदा सांगितलं होतं. हसले होते. "ते मुलींचं," म्हणाले होते.

८ सप्टेंबर

आज मी खोटं बोलले. लेखी.

वहीचं पान फाडून लिहिलं: "फेऱ्या नाहीत. अंग तापेपर्यंत हलकं पळणं. मग वीस मीटर जीव तोडून, चालत परत, पूर्ण श्वास. असं सहा वेळा. मग सहा उड्या, गवतावर. मग घरी." वर लिहिलं, "सर सांगतात." वाऱ्यानं उडू नये म्हणून कागदाला कपड्यांचा चिमटा लावला आणि खिडकीतून टाकला.

हे बघत होते. त्यांच्याकडे पाठ करून मी दूध तापवायला गेले. इतकी वर्षं स्वतःशी खोटं बोलायची सवय होती, कागदावर नव्हती.

११ सप्टेंबर

खांब खिडकीखाली कमरेवर हात ठेवून उभा होता. "काकू, सरांना ताप-बीप नाही ना?"

"का रे?"

"सहा म्हणजे सहाच? माझी आई याहून जास्त उड्या मारते, झुरळ बघून."

"मग आईला पाठव गोलात."

बाकीचे हसले. टपालवाला म्हणाला, "ती चेंडू तरी अडवेल."

कप्तान हसला नाही. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला, चिमटा मात्र नेम धरून वर खिडकीच्या कट्ट्यावर टाकला. जाताना वर बघून विचारलं, "सर, हे बरोबर ना?"

"अजून," हे म्हणाले.

१९ सप्टेंबर

कपडे बदलायच्या खोलीच्या भिंतीवर आता खडूच्या खुणा आहेत. प्रत्येकानं बोटांना खडू लावायचा, जागेवरून उडी मारून भिंतीला टेकायचं, खूण राहते. सोमवारी आणि गुरुवारी. मध्ये दोन दिवस उड्या बंद म्हणजे बंद. उतरताना आवाज आला तर ती उडी धरायची नाही. मांजर उतरते तसं गुडघे मोडून उतरायचं. बुधवारी मैदानामागच्या चढावर पंधरा पावलांच्या धावा. शनिवारी जोडी-जोडीनं: एकानं गुडघ्यांवर उभं राहायचं, दुसऱ्यानं त्याच्या टाचा दाबून धरायच्या, आणि पहिल्यानं लाकडाच्या फळीसारखं सरळ राहून हळूहळू पुढं झुकायचं. मांडीच्या मागच्या शिरा त्यानं तयार होतात. हे सिस्टरांच्या वेळचं नाही, हे मी लेकीनं दिलेल्या फोनवर शोधून वाचलं. आठवलेलं आणि वाचलेलं सगळं एका वहीत उतरवून ठेवतेय.

फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, डाव्या हातात पेन्सिल देत जा, रेघा ओढू देत, हाताला काम हवं. वेगळी वही घरात नव्हती. माझीच वही उलटी करून मागची पानं त्यांना दिली. खिडकीशी बसून गिरबटतात. बरं, तेवढा वेळ मला कपडे धुता येतात.

२ ऑक्टोबर

काल जिंकलो. दोन-एक. टपालवाला डावीकडून असा सुटला की त्यांचा बचाव करणारा मागून नुसता हात हलवत राहिला, बस चुकल्यासारखा. भिंतीवर खांबची खूण दोन बोटं वर गेली आहे. तो रोज येऊन तिच्याकडे बघतो, घरात नवीन पंखा बसवला असावा तसा.

मुलं खिडकीखाली आली. "सर, तुमची जादू." ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मान वर करवेना. अडतीस वर्षांची त्यांची पद्धत मी त्यांच्याच नावानं मोडतेय, आणि त्यांना "नाही" म्हणायला शब्द नाही. चोरानं घरमालकाकडून किल्ली मागून घ्यावी तसं.

संध्याकाळी त्यांना भरवताना सांगून टाकलं. "अहो, तुम्हाला पटत नाही ते दिसतं मला. पण खोल्या गेल्या तर खिडकी जाईल. डिसेंबरपर्यंत सोसा."

माझ्याकडे एकटक बघत राहिले. "अजून," म्हणाले. "अजून. अजून." चिडले होते बहुतेक. पाणी दिलं, प्यायले नाहीत.

१४ ऑक्टोबर

उडीवरून उतरायचं कसं, ते कागदावर लिहून कळेना. म्हणून आज खाली गेले. बावीस पायऱ्या. हे झोपले होते, म्हटलं दहा मिनिटं.

गवतावर चपला काढल्या. पाय ओले झाले. एका वीटभर उंचीवरून उतरून दाखवलं, गुडघे मोडून, हात पुढे. गुडघा कुरकुरला पण आवाज झाला नाही. टपालवाला म्हणाला, "काकू, तुम्ही खेळायचात काय?" मी म्हटलं, "शाळेत थोडंसं." मग सगळ्यांना एकेकदा उतरायला लावलं, मग आणखी एकेकदा. ऊन गवतावर यायला लागलं होतं. मला वेळेचं भानच राहिलं नाही.

वर आले तर हे खुर्ची आणि भिंत यांच्यामध्ये अडकले होते. उठायला गेले असणार. गाल खरचटला होता, तोंडातून आवाज नाही, नुसते डोळे उघडे. पंचवीस मिनिटं. कप्तान आणि खांब येऊन उचलून ठेवून गेले.

आता खाली जाणं नाही. किल्ली डब्यात टाकली आहे. खिडकीतून जेवढं होईल तेवढं.

१५ ऑक्टोबर

लेकीचा फोन. "आई, तू स्वतःला कोंडून घेतलंयस." म्हटलं, कोंडायला कुणी लागत नाही, एक माणूस झोपलेलं असलं की पुरतं. मग तिला वाईट वाटलं, मग मला.

२१ ऑक्टोबर

सकाळ: पुसणं, भरवणं, औषधं. दुपार: तेच. कागद टाकला. आज पुन्हा चिमटा परत आला.

३० ऑक्टोबर

बरोबरी, आणि त्याआधी एक विजय. खालून चौथे.

संध्याकाळी ह्यांना खिडकीशी बसवून मी स्वयंपाकाला लागते. स्वयंपाकघर मागच्या गल्लीकडे, नळ सुरू असला की पुढचं काही ऐकू येत नाही. आज नळ बंद केला तर ह्यांचा आवाज येत होता. "अजून. अजून. अजून." धावत गेले. उशी सरकली होती का, पाय आखडला होता का, काही कळेना. चेहरा घामानं डबडबलेला. खाली स्टँडच्या पायऱ्यांवर धपधप चाललं होतं, झाडूवाला पाणी मारत असेल. खिडकी लावून घेतली, गार वारा लागतो म्हणून. त्यांनी डाव्या हातानं तावदानावर थापा मारल्या.

६ नोव्हेंबर

समजत नाही. खुणा खाली येत आहेत. खांब एक बोट, कप्तान दोन. टपालवाल्याची वीस मीटरची धाव घड्याळात जड झाली आहे. सहाऐवजी पाच केल्या. विश्रांती वाढवली. पुढच्या सोमवारी आणखी खाली.

वाचलेलं सगळं पुन्हा वाचलं. मी कुठंतरी चुकतेय. कदाचित सिस्टरांचं ते खरंच मुलींचंच होतं.

ह्यांच्या हाताचा व्यायामही बिघडलाय. पूर्वी रेघा कशा नीट, मोजून मांडल्यासारख्या असत. आता पानभर दाटीवाटीनं ओढतात आणि मग पेन्सिल दाबून सगळ्यावर काट मारतात. काल कागद फाटला. हातात पेटका येतो, असं बाईंना सांगायला हवं.

१३ नोव्हेंबर

हरलो.

१९ नोव्हेंबर

टपालवाल्याची मांडी गेली. सकाळच्या तिसऱ्या धावेत. मी खिडकीतून बघत होते, त्याला कुणी मागून दगड मारावा तसा तो थांबला, मागं वळून बघितलं आणि गवतावर बसला. मांडीची मागची शीर फाटली आहे. सहा आठवडे सायकलसुद्धा नाही.

दुपारी कप्तान वर आला. पहिल्यांदाच न बोलावता. चहा दिला तो घेईना.

"काकू, चूक आमची आहे."

"अरे, धाव मी... सरांनी सांगितली होती."

"सकाळची नाही. संध्याकाळची." तो जमिनीकडे बघत होता. "आम्ही संध्याकाळी जिने करतो. पोती घेऊन. महिना झाला."

मला आधी कळलंच नाही. "कुणी सांगितलं?"

"सरांनी. खिडकीतून. आम्ही एकदा सहज गेलो पायऱ्यांवर, तर सर वरून अजून, अजून म्हणत होते. मग रोज जायला लागलो. सर थांबेपर्यंत करायचो."

"पण ते कागद?"

"आम्हाला वाटलं, सर पन्नास सांगतात आणि तुम्ही सहा लिहिता. तुमचा जीव हळवा. आम्हाला उन्हात उभं बघवत नाही तुम्हाला." त्यानं डोळे पुसले. "टपालवाला परवाच म्हणाला होता, मांडी धरतेय. मी म्हटलं, सर थांब म्हणाले का? नाही ना. मग चल."

हे दोन हातांच्या अंतरावर खुर्चीत बसले होते. सगळं ऐकत होते. समजतं त्यांना सगळं.

२० नोव्हेंबर

सकाळी पाणी हवं का विचारलं. उत्तर नाही. औषध? उत्तर नाही. ओठ घट्ट मिटलेले. खालून मुलांचे आवाज यायला लागले तसा डावा हात उचलून स्वतःच्या तोंडावर दाबून धरला. पोरं निघून जाईपर्यंत तसाच.

मी तो हात काढायला गेले. निघेना. एवढी ताकद त्या हातात आहे हे मला माहीत नव्हतं.

२२ नोव्हेंबर

एक शब्द होता घरात. तोही गेला. मला त्याचा कंटाळा यायचा, कधी कधी तर कान झाकावेसे वाटायचे. आता स्वयंपाकघरात नळ बंद करून उभी राहते.

२४ नोव्हेंबर

सगळ्यांना वर बोलावलं. अकरा माणसं दोन खोल्यांत, कुणी पलंगाच्या कडेला, कुणी उंबऱ्यावर. टपालवाला कुबड्या घेऊन, बावीस पायऱ्या बसत बसत चढून आला. ह्यांच्यासमोरच सांगितलं. कागदातला एक शब्दही सरांचा नाही. सगळं माझं आहे, शाळेत शिकलेलं आणि इकडून तिकडून वाचलेलं. आणि "अजून" म्हणजे अजून नाही. "अजून" म्हणजे काहीही.

खांब म्हणाला, "अक्षर तुमचं होतं हे कळलं होतं. एवढं वळणदार सर कुठं लिहायचे? त्यांनी काढलेली संघाची यादी बघून एकदा पंचानं औषधाची चिठ्ठी समजून परत दिली होती."

टपालवाला हसला, हसताना मांडी दुखली म्हणून कळवळला.

"पहिला महिना आम्ही फक्त कागदावरचं केलं," कप्तान म्हणाला. "तेव्हाच खुणा वर गेल्या ना?"

"हो."

"मग आता काय करायचं ते सांगा. तुमच्या नावानं सांगा."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. लाज वाटली असणार, आपल्या संघासमोर बायकोनं असं उघडं पाडलं म्हणून.

२७ नोव्हेंबर

आठवडाभर जिने बंद, उड्याही बंद. फक्त हलकं पळणं आणि झोप. कागदाच्या वरचे दोन शब्द आता लिहीत नाही. जागा रिकामी दिसते, म्हणून तारीख घालते.

४ डिसेंबर

आज पुन्हा सहा धावा. हे कितीतरी दिवसांनी खिडकीशी बसवा म्हणून खुणावत होते. सहावी धाव झाली तसा डावा हात तोंडावरून काढून सरळ वर केला, पंजा उघडा. मुलांना टाटा करत असतील. खाली सगळे जागच्या जागी थांबले, अदबीनं, आणि चालत परत गेले. मला शिट्टी वाजवावीच लागली नाही. शिस्त आली पोरांना शेवटी.

खांबची खूण: सप्टेंबरपेक्षा चार बोटं वर. भिंतीवर त्यानं शेजारी स्वतःची सही केली आहे.

१० डिसेंबर

शेवटचा सामना. बरोबरी झाली असती तरी वाचलो असतो.

पहिल्या भागात खांब आमच्या बाजूच्या गोलात होता. कॉर्नर आला, चेंडू वळून थेट गोलाच्या आडव्या दांडीखाली शिरत होता. तो उडाला. खरंच उडाला. एवढा मोठा माणूस एवढा वेळ वर राहिलेला मी कधी पाहिला नाही. बोटांच्या टोकांनी चेंडू वर ढकलला आणि उतरला तो मांजरासारखा, आवाज नाही.

ह्यांनी माझं मनगट धरलं. वीस दिवसांनी तोंड उघडलं. "अजून," म्हणाले. अगदी हळू, माझ्याकडे बघून. खाली बघून नाही.

मी पाणी दिलं. मान फिरवली. उशी सारखी केली, पुन्हा मान फिरवली. मनगट सोडेनात. काय हवं होतं ते कळलं नाही. तसंच बसून राहिलो.

दुसऱ्या भागात बाजू बदलल्या, खांब पत्र्याआड गेला. इकडे डावीकडून चेंडू दोनदा मोकळा घरंगळत गेला, टपालवाला असता तर पोचला असता. त्याच्या जागी कुणी पोचलं नाही. मग पलीकडून मोठा गलका झाला. गोल झाला की खांबनं अडवला, ते आवाजावरून कळेना. कप्तान गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला दिसला तेव्हा कळलं.

आम्ही तो गोल पाहिलाच नाही.

१२ डिसेंबर

सेक्रेटरी येऊन गेले. या वेळी खुर्चीत नीट बसले. "वहिनी, कमिटीला मी सांगून बघितलं, की हल्ली सगळं तुम्हीच..." पुढचं वाक्य त्यांनी चहाबरोबर गिळलं. नवा कोच नवीन वर्षात येतोय. लग्न झालेला आहे म्हणे.

१६ डिसेंबर

उद्या सकाळी लेक गाडी घेऊन येते. सामान फार नाही. तिकडची खिडकी पाहिलेली असल्यामुळे पडदा मोठा घेतला आहे.

कप्तान किल्ली घ्यायला येईल. त्याला तोंडी सांगताना माझा आवाज नीट राहणार नाही, म्हणून इथं लिहून मग दुसऱ्या कागदावर उतरवून देते.

स्टॉपवॉच टपालवाल्याला. पण पाय पूर्ण बरा झाल्यावर, आधी नाही. पहिला महिना त्यानं ते फक्त विश्रांती मोजायला वापरावं, धाव मोजायला नको.

खडूचा डबा खांबला. झाकण नीट बसत नाही, रबर लावून ठेवावं. कपडे बदलायच्या खोलीत रंग देतील तेव्हा त्याची खूण पुसली जाईल. त्याआधी त्यानं मापपट्टीनं उंची मोजून लिहून ठेवावी. त्याच्या आईलाही माझा नमस्कार सांगावा, झुरळांसकट.

कपड्यांचे चिमटे, तेवीस, कप्तानाला. एकही हरवला नाही, त्याबद्दल त्याला काय द्यावं ते मला सुचलं नाही.

वाळूची पोती सेक्रेटरींना. फाडून वाळू लांब उडीच्या खड्ड्यात घालावी.

खिडकीतली खुर्ची इथंच राहू दे. नव्या कोचच्या बायकोला उपयोगी पडेल. तिला एवढंच सांगावं, की मैदान अर्धं दिसतं, उरलेल्या अर्ध्यासाठी खाली जावं लागतं. तिनं जावं.

दाराच्या वरच्या भिंतीवर पेन्सिलची एक खूण आहे. रंगाऱ्याला सांगून तेवढी बोटभर जागा सोडायला लावावी.

वही नव्या कोचला. पुढून वाचावी. मागच्या पानांवर ह्यांच्या डाव्या हाताच्या व्यायामाच्या रेघा आहेत. सहा रेघा, मग मोकळी जागा, पुन्हा सहा, असं बरीच पानं. मग गर्दी आणि काटछाट. मग शेवटी पुन्हा सहा-सहाच. त्यांना काही अर्थ नाही, पण म्हणून फाडू नयेत.

अगदी शेवटच्या पानावर, सामन्याच्या दिवशीच्या, एकच रेघ होती. पानाच्या तळापासून निघून पार वरपर्यंत गेलेली, आणि तिच्या टोकावर बारीकशी आडवी रेघ. हात घसरला असेल. तेवढं एक पान मी काढून माझ्यापाशी ठेवलं आहे. का, ते कुणी विचारू नये.